दोनशेची अट

सू फॉल्स, साउथ डकोटा. फेब्रुवारी.
माल उतरवायच्या धक्क्यावर, शटरच्या फटीतून
बर्फाची भुकटी आत येते
आणि लाकडी पाटांभोवती घुटमळत राहते.
मी तीन आठवड्यांसाठी आलोय,
कॅमेरे जोडायला.

इथे टपाल घाऊक येतं:
बियाण्यांचे कॅटलॉग, क्रेडिट कार्डांची आमंत्रणं,
श्रवणयंत्रांवर चाळीस टक्के सूट.
आजवर ते व्हर्ना हालव्हरसन स्वीकारायची.
स्वीकारायची म्हणजे
एक ट्रे उपसून दहा पाकिटं काट्यावर ठेवायची,
एकाचं वजन काढायची,
झिप कोडांची चळत अंगठ्याखालून
पत्त्यांच्या कॅटसारखी फर्रकन सोडायची.
अंगठा अडेल तिथे चूक.
पट्टीत दोन बोटं घालून एक हिसका.
मग फॉर्मवर गोल शिक्का.
बाहेर चाळीस फुटी ट्रक, आणि आत
शितावरून भाताची परीक्षा.

मी तिला सांगितलं,
आता शीत नाही, सगळा भात.
प्रत्येक पाकीट छाटणीच्या यंत्रातून
जाता जाता वाचलं जाईल,
सेकंदाला दहा.
ट्रक येईल, रिकामा होईल, जाईल.
कुणी कुणाला काही विचारायचं नाही.
चुका महिनाअखेरीला टक्क्यांत येतील,
दंडाचं बिल आपोआप.

"आणि सगळं बरोबर असलं तर?"
तर काहीच येत नाही.
"म्हणजे शिक्काही नाही."
तक्रार नव्हती ती.
शाईच्या पॅडचं झाकण लावता लावता म्हणाली.

दुसऱ्या गुरुवारी ऑर्विल ट्वेट आला,
कानटोपी, जुनी स्टेशन वॅगन,
मागच्या सीटला पट्टा लावून बसवलेला एक ट्रे.
चर्चचं चार पानी बातमीपत्र.
सवलतीचा दर हवा तर नग किमान दोनशे.
एकशे नव्याण्णव चालत नाहीत.

पडदा लाल झाला.
चार पत्ते. दोन टक्के. मर्यादा अर्धा टक्का.
एडना स्कोग, घर रिकामं.
बर्नार्ड लिएन, घर रिकामं.
कुणी एक मिसेस होव्ह, रस्ताच उरलेला नाही.
ओपल ट्वेट, शुश्रूषागृह, खोली अकरा,
मुक्काम हलवला, नवा पत्ता उपलब्ध नाही.

ऑर्विल पडद्याकडे पाहत नव्हता.
हातमोजे काढून पुन्हा घालत होता.

तो गेल्यावर मी व्हर्नाला विचारलं,
तुला माहीत होतं?
"अंगठा अडायचा."
मग?
"मग मोजायचे. दोनशे भरायचे.
पाकिटं खरी, पैसे खरे."
आणि ती चार? परत येत असतील ना?
"सवलतीचं टपाल परत येत नाही,"
ती म्हणाली, "जिथे पोचतं तिथेच टाकून देतात."

मर्यादा मला बदलता आली असती.
पासवर्ड माझ्याकडेच होता.
मी नाही बदलली.
हे सांगताना मला काय वाटतं ते विचारू नका,
तो आकडा दंडासाठी नव्हता, नियमासाठी होता,
असं मी त्या रात्री मोटेलात
हीटरच्या खडखडाटाला समजावत होतो.

निघायच्या दिवशी व्हर्नानं
फॉर्मची कोरी बाजू पुढे सरकवली.
वर तिच्याच अक्षरात तीन नावं:
ती स्वतः, तिची बहीण,
धक्क्यावर फोर्कलिफ्ट चालवणारा डेल.
चौथी ओळ मोकळी.
"झिप कोडसकट लिही," म्हणाली.

आता दर महिन्याला फीनिक्सला,
बेचाळीस अंशांच्या उन्हात तापलेल्या माझ्या पेटीत,
माझ्या नावाने एक पाकीट असतं.
पिझ्झाच्या कुपनांतून ते मी वेगळं काढतो.
कोण इस्पितळात आहे,
रविवारी कॉफीची पाळी कुणाची,
तळघरातली गळती थांबली का.

एप्रिलच्या अंकात, शेवटच्या पानावर, खाली:
विकणे आहे, बर्फ काढायचं यंत्र.
चालू स्थितीत.
दोघांसाठी केलेलं कोठार रिकामं करायचंय.
संध्याकाळी फोन करावा, ऑर्विल.